महाद्वार रोडच्या पेठेत सरकारी पैसा ओतावा का?

पेठेतला पोरगा:
कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिर परिसराच्या आराखड्याला मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत मंजुरी मिळाली. आकडा जवळपास १,४४५ कोटींचा. तेव्हापासून आमच्या भागात दुसरा विषय नाही. कुणाची मिळकत जाणार, कुणाची वाचणार, यातच चहा थंड होतो.

माझं म्हणणं, पैसा यावा आणि पेठेतच यावा. महाद्वार रोड, जोतिबा रोड, ताराबाई रोड, गुजरी, सगळीकडं. नवरात्रात रांगेत एखादी बाई चक्कर येऊन पडली तर ॲम्ब्युलन्स भवानी मंडपापाशी थांबते, पुढं माणसांनी उचलून आणायचं. डोक्यावर केबलींचं जाळं, पायाखाली आजोबांच्या वेळची गटार. दुकानदारांनी वर्गणी काढून हे होणार आहे का? किरणोत्सवाचंच बघा. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला मावळतीची किरणं महाद्वारातनं देवीपर्यंत जातात. त्या वाटेत इमारती उठल्या तेव्हा कुणी बघितलं नाही. आता वाट मोकळी करायची तर सरकारनंच खिशात हात घालायला हवा.

फुलेवाडीकर:
घरफाळा आम्हीपण भरतोय, भावा. पेठेत देव हाय म्हणून निधी. आमच्याकडं उपनगरात नुसती माणसं राहत्यात.

पेठेतला पोरगा:
हा निधी राज्याचा आहे, महापालिकेचा नाही. तो तुमच्या गटारीला वळवता येत नाही. इथं नको म्हटलं तर दुसऱ्या गावाला जाईल, फुलेवाडीला नाही.

फुलेवाडीकर:
बांधायला राज्य देईल, मान्य. नंतर झाडायचं कुणी? दिवे, संडास, पार्किंगची लिफ्ट, त्या फरशा. सगळं महापालिकेच्या गळ्यात, म्हणजे पुन्हा आमच्या घरफाळ्यात. रस्त्यांचं विसरला का? २२० कोटींचे रस्ते खासगीकरणातनं झाले, टोलनाके बसले, सगळं गाव रस्त्यावर उतरलं, २०१५ च्या डिसेंबरात टोल गेला. लढाई जिंकलीच आपण, मीपण होतो मोर्चात. पण रस्ते करणाऱ्याचं देणं भागवायला शेवटी सरकारचीच तिजोरी उघडावी लागली. फुकट काय नसतंय.

तांबडा पांढरा:
दोघांनी जरा मागं जाऊन बघा. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली, व्यापाऱ्यांना जागा दिल्या, गुळाची बाजारपेठ उभी राहिली. म्हणजे व्यापार वाढवायचा होता तेव्हा जुनी पेठ पाडली नाही, शेजारी नवी उभी केली. आजच्या आराखडेवाल्यांनी एवढं तरी वाचावं.

पेठेतला पोरगा:
अर्धंच वाचलंय तुम्ही. खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, हेही महाराजांनीच उभं केलं आणि ते जुन्या गावाला लागून. संस्थानचा पैसा तिथंही लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृह जळालं तेव्हा ‘गावाबाहेर नवीन बांधू’ असं कोण म्हणालं?

तांबडा पांढरा:
थिएटर बांधायला कुणाचं दुकान हलवलं नव्हतं एवढंच म्हणतो. आणि पैसा पेठेतच घालायचा तर त्या शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत घाला. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी तिथं शिरलं. महाद्वार उंचावर आहे, तिथं पंचगंगा येत नाही. जयंती नाल्याला फुगवटा आला की व्यापाऱ्यांची पोती भिजतात. पण नाल्याचं उद्घाटन करताना फोटो चांगला येत नाही, हा भाग वेगळा.

शनिवार पेठ:
पार्किंग झालं पाहिजे बास. गाडी दारात लागली नाही की गिऱ्हाईक राजारामपुरीला जातंय.

ओटीवाली:
दादा, गिऱ्हाईक गाडीतनं येत नाही, चालत येतंय. मी महाद्वाराजवळ रोज बसतो, माझ्याआधी सासू बसायची. सकाळी साडेनवाला, दुकानांची शटरं निम्मी वर असताना, रस्त्याच्या दोन्ही कडंला मोटरसायकली लागलेल्या असतात. गिऱ्हाईक यायचं असतंय अजून. मग त्या गाड्या कुणाच्या? मालकांच्या आणि त्यांच्या कामगारांच्या. आधी त्या लांब लावा, मग पार्किंग मागा. आणि आराखड्याच्या चित्रात सगळं मोकळं, गुळगुळीत दाखवलंय. नारळ, खण, हळदकुंकू घेऊन बसलेली एकपण बाई त्यात नाही. मी बघितलं नीट, मोठं करून बघितलं. झाडं आहेत, कुत्रंपण आहे.

फुलेवाडीकर:
ताई, नाद खुळा 😄

आठ बाय दहा:
मी भाडेकरू. आजोबांनी पगडी देऊन घेतलेलं दुकान, तीन पिढ्या इथंच, पावत्या सगळ्या जपल्यात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात नुसता मालकच बाधित धरलेला नाही. शहरात संपादनाआधी तीन वर्षं ज्याचं पोट त्या जागेवर चालतंय, त्याचं कुटुंबही बाधित म्हणून मोजायचं आहे. पण ते कायद्यानं संपादन झालं तर. वाटाघाटी करून थेट खरेदी झाली की व्यवहार मालकाशी. मालक सही करून मोकळा होतो आणि आम्हाला ‘तुमचं तुम्ही बघा’. म्हणून मी विकासाच्या विरोधात नाही, पण ‘पैसा येऊ दे’ असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. त्याच रस्त्यावर गाळ्याला गाळा द्या, दोन वर्षं धंदा बंद राहील त्याचं काय ते लिहून द्या, मग मी स्वतः कुदळ घेऊन येतो.

धागा काढणाऱ्याला एक विचारू? तुमची जागा मालकीची का भाड्याची?

पेठेतला पोरगा:
मालकीची. खाली दोन दुकानं भाड्यानं दिलीत.

आठ बाय दहा:
मग एवढं सगळं लिहिलं, गटार लिहिली, केबल लिहिली. भाडेकरू हा शब्द कुठं दिसला नाही.

पेठेतला पोरगा:
राहिला खरा. मुद्दाम नाही, पण राहिला. खाली चप्पलवाले काका आहेत, मी शाळेत होतो तेव्हापासून.

फुलेवाडीकर:
मग उद्या थेट खरेदीचा कागद आला तर काकांचं कसं करणार?

पेठेतला पोरगा:
आत्ता जेवताना बाबांना तेच विचारलं. ते म्हणाले, आधी नोटीस तर येऊ दे. आणि ताटावर असले विषय काढू नको.