यकृताच्या कर्करोगात हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल द्याव्यात का?

धागाकर्ता, सांगली:
माझ्या वडिलांना यकृताचा कर्करोग झाला असून गेल्या महिन्यापासून सोराफेनिबच्या गोळ्या सुरू आहेत. आमच्या तीन पिढ्या हळदीच्या अडतीत गेल्या, त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण "औषध तर तुमच्याच पोत्यांत आहे" असे म्हणतो. काल एका नातेवाइकाने कुरक्युमिन (हळदीतील मुख्य औषधी घटक) आणि मिरीचा अर्क असलेल्या कॅप्सूलची बाटली आणून दिली. ती अजून न फोडता देवघराशेजारी ठेवली आहे. सकाळी गुळवेलीचा काढा मात्र चालू आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद, सातारा:
मी वनस्पतिजन्य औषधे हा विषय शिकवतो. बाटली फोडू नका, आणि काढा आजच थांबवून डॉक्टरांना तसे कळवा.

प्रयोगशाळेतील बशीत कुरक्युमिनमुळे यकृताच्या कर्कपेशी मरतात हे खरे आहे. परंतु पोटात घेतल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते, कारण आतडे आणि यकृत त्याचे रूप लगेच बदलून टाकतात. मिरीतील पायपरिन घालतात ते यासाठीच. मात्र सोराफेनिबचा निचरा करणाऱ्या यकृतातील विकरालाही (एन्झाइमलाही) पायपरिन अडवू शकते, आणि मग त्या गोळीचे शरीरातील प्रमाण वाढण्याचा धोका राहतो. शिवाय अशा अर्कांमुळे, तसेच गुळवेलीमुळेही, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीच्या तर मुंबईतूनच २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

वनस्पतींत औषध नसते असे मी म्हणणार नाही. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्कपेशी मारणारे द्रव्य असते. ते रुग्णांना थेट देऊन पाहिले, तेव्हा मूत्राशयाला गंभीर इजा झाल्याने चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याची रचना बदलून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, तीही अन्य अवयवांच्या कर्करोगांसाठी. यकृताच्या कर्करोगापुरते बोलायचे, तर एपिमेडियम या वनस्पतीपासून मिळणाऱ्या इकारिटिनला चीनने २०२२ मध्ये काही ठरावीक रुग्णांसाठी मान्यता दिली.

प्रतिसाद, मिरज:
माझ्या आईच्या आजारपणात मी अशा सर्व बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे मांडल्या होत्या. नुसती नावे सांगू नका, लेबल दाखवा.

धागाकर्ता, सांगली:
मनःपूर्वक आभार. काढा थांबवला असून बाटली फाइलच्या पिशवीत ठेवली आहे, शुक्रवारी तपासणीला नेईन. आमटीतली हळद चालेल का, असे वडील विचारत आहेत.

प्रतिसाद, सातारा:
फोडणीतली चिमूटभर खुशाल घालावी. माझी हरकत अर्काला आहे, आमटीला नाही.