जुकुर्पा : स्वप्न, पुराण की वतन?

वार्लपिरी चित्रांवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. (वारली नव्हे, ऑस्ट्रेलियातल्या तनामी वाळवंटातले वार्लपिरी. नावाचं साम्य तेवढंच.) त्यांच्या 'जुकुर्पा' या शब्दासाठी इंग्रजीत 'ड्रीमिंग' आहे, त्याला मी 'स्वप्नकाळ' लिहिलंय, पण खटकतंय. 'न्गापा जुकुर्पा' या चित्राचं तर 'पाण्याचं स्वप्न' झालं!

— आमच्या माणदेशात पाण्याचं स्वप्न म्हणजे टँकर. 😀

— खटकणारच. जुकुर्पा या शब्दात झोपेतलं स्वप्नही येतं, पण मुख्य अर्थ वेगळा : पूर्वज चालत गेले, डोंगर-पाणवठे घडले, रीत ठरली, आणि ते सगळं आजही त्या जागी आहे. 'काळ' जोडला की संपून गेल्यासारखं वाटतं. 'न्गापा' म्हणजे पाणी, पाऊस. तिथे पावसाची कथा आहे, स्वप्न नाही.

— मग 'स्थळपुराण'?

— जवळ जातं. वार्लुकुर्लांगु या जागेची गोष्ट बघा. निळ्या जिभेचा सरडा-म्हातारा आंधळ्याचं सोंग घेतो, त्याचे दोन मुलगे शिकार आणून त्याला खाऊ घालतात. त्यांच्या हातून त्याचा पवित्र कांगारू मारला जातो, तो चिडून आग लावतो आणि ती मुलग्यांच्या पाठीच लागते. युएंडुमू या वार्लपिरींच्या गावातल्या चित्रकारांनी १९८५मध्ये संस्था काढली, तिला याच जागेचं नाव दिलं. पण पुराण कोणीही सांगावं. इथे हक्क लागतो. बापाकडून आलेला हक्क असणारे किर्दा, आजोळकडून आलेले कुर्डुंगुर्लु. किर्दा चित्र काढतो, कुर्डुंगुर्लु बाजूला बसून चुकलं तर टोकतो.

— हक्क आणि जबाबदारी दोन्ही, म्हणजे 'वतन' की!

— वतन राजा देतो आणि काढूनही घेतो. हे कोणी दिलेलं नाही. पण सुचलंय झकास.

— खुणांच्या अर्थाचं काय? लेखात इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे 'बसलेला माणूस' असं आहे.

— बरोबर, वाळूत बसून उठल्यावर तसाच ठसा उमटतो. शेजारी काठी असली तर कंद खणणारी बाई. पण वर्तुळात वर्तुळ म्हणजे पाणवठा, मुक्काम किंवा चूल; कुठली जुकुर्पा आहे त्यावर ठरतं. १९८४मध्ये पाच वडीलधाऱ्यांनी युएंडुमूच्या शाळेचे ३० दरवाजे रंगवले, ते मुलांनी आपली भूमी विसरू नये म्हणून. तेव्हा या खुणांना, म्हणजे कुरुवारीला, 'नक्षी' म्हणू नका.

— ठरलं. 'जुकुर्पा' तसंच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत समजावते. 'नक्षी' मात्र अकरा ठिकाणी लिहून बसलेय.