बालवाडीच्या मानांकनात सर्वसमावेशकता: अट हवी की नुसते गुण?

खाडीपल्याड
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बालवाडीपासून सगळ्या टप्प्यांसाठी स्वनियमनाची किंवा मानांकनाची (म्हणजे दर्जा तपासून मान्यता देण्याची) व्यवस्था येणार आहे, सरकारी असो, खासगी असो की धर्मादाय. माझं मत स्पष्ट आहे: सर्वसमावेशकता, म्हणजे कुठल्याही घरातल्या, कुठल्याही मुलाला सामावून घेणं, ही अटच हवी. ती नसेल तर मानांकन नाही.

बंदराला लागून असलेल्या एका शिशुवर्गात डब्याचं वेळापत्रक भिंतीवर लावलंय. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उपमा. खाली लाल अक्षरांत: 'मासे, सुकट आणू नये.' वर्गातली निम्मी पोरं मच्छीमारांची! शेजारीच 'विविधतेत एकता'चा तक्ता. तपासायला येणारा तक्त्याला गुण देऊन जाईल.

पाखाडीवरचा
साफ विरोध. तीन वर्षांच्या पोराच्या घशात काटा अडकला तर बाईंनाच धरणार ना? आणि अटी घातल्या की कागद वाढतात. आमची बालवाडी पन्नास-साठ पायऱ्यांच्या पाखाडीवर आहे. रॅम्प काढू कुठून? शहरातले इंग्रजी माध्यमवाले पैसे मोजून फाइल तयार करून घेतील, कुलूप लागेल ते आमच्या बालवाडीला. अमेरिकेत एनएईवायसी ही बालशिक्षणातली संस्था १९८५ पासून बालशाळांना मान्यता देते, पण ती ऐच्छिक आहे.

खाडीपल्याड
सुकटीत काटा कुठला हो?
ऐच्छिक म्हटलं की ज्यांना गरज नाही तेच पुढे येतात. शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागाही फक्त शाळेला जोडलेल्या शिशुवर्गांना. सुट्या वर्गांना विचारणारं कोणी नाही.

माजी सेविका
दोघेही आत बसलेल्या मुलांवरून भांडताय. न येणाऱ्यांचं काय?

आंब्याच्या कलमांच्या राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, चिऱ्याच्या खाणीवर कर्नाटकातली. पोर हंगामाबरोबर येतं नि पावसाच्या तोंडावर जातं. अशा पोराला पटावर घेतलं की हजेरीची टक्केवारी पडते, म्हणून काही ठिकाणी नावच घालत नाहीत. उद्या मानांकन हजेरीवर दिलंत तर ही पोरं आणखी लांब जातील. त्यापेक्षा वाडीतली तीन ते सहा वयाची किती मुलं बाहेर आहेत आणि का, एवढं विचारा. सर्वेक्षणाची वही अंगणवाडीत असतेच.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं येईनात, तर त्यांनी बालवाडीच पाड्यावर नेली.

पाखाडीवरचा
ताई, वहीचं पटलं. पण सेविका आधीच पोषण ट्रॅकर (अंगणवाडीच्या नोंदींचं मोबाइल ॲप) भरून कावलीये. दिव्यांग बालकांचा अंगणवाडी प्रोटोकॉल २०२३ मध्ये आला, तोही तिच्याच डोक्यावर. आणि खाण चार किलोमीटर चढावर आहे. पोरांना आणणार कोण?

माजी सेविका
आणायला कशाला हवं? खाणमालकाकडून एक खोली घ्या, मदतनीस तिथे जाईल. मानधन मात्र वाढवून द्या, फुकट नको.

पाखाडीवरचा
मालक खोली देईल? एकदा विचारून बघा.