मदत हवी आहे: लेक मला शाळेत 'आजी' होऊ देते

नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

माझं वय ५२. लेक सहा वर्षांची, यंदा पहिलीत. दोन गर्भपात, मग आयव्हीएफ, आणि तिसऱ्या खेपेला ती. तेव्हा मी ४६ ची होते. (२०२१ च्या कायद्याने या उपचारांना बाईसाठी ५० ची मर्यादा घातली. माझ्या सासरी ती ३० चीच होती.)

"नात का?" हे आता अंगवळणी पडलंय. भाजीवाली विचारते, रिक्षावाले विचारतात. पीएमपीत एका मुलीने "आजी, बसा" म्हणून जागा दिली, मी मुकाट बसले. पुण्यात बसमध्ये जागा मिळतेय, ती का सोडा? पूर्वी "मुलगी आहे माझी" असं सांगायचे. मग समोरचीचा चेहरा, मग "उशिरा झाली का?", मग "डॉक्टर कोणते?" मेथीची जुडी घेताना एवढं कोण सांगत बसणार! हल्ली नुसती हसते.

गेल्या आठवड्यात शाळा सुटताना नव्या मावशींनी हाक मारली, "आजी आल्या गं तुझ्या!" लेक आली, माझा हात धरला आणि चालायला लागली. रिक्षात विचारलं, "सांगितलं का नाहीस त्यांना?" तर म्हणाली, "तू पण गप्पच बसतेस की."

त्या रात्री झोप नाही लागली.

वर हट्ट सुरू झालाय, "केस काळे कर ना, सगळ्यांच्या आयांसारखे." ते जमणारं नाही. दोन वर्षांपूर्वी रंग लावला तर डोळे सुजून बंद झाले. पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी निघाली. 'काळी मेंदी' म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यांतही ते असतं म्हणे. नवरा म्हणतो दुर्लक्ष कर. त्याचंही डोकं पांढरं आहे, पण त्याला कोणी आजोबा म्हणत नाही.

मावशींना तिच्यासमोर सांगू, की बाईंना गाठून गुपचूप? चारचौघांत सांगितलं आणि तिलाच ओशाळल्यासारखं झालं तर?

प्रतिसाद १
केसांपुरतं सांगते. साधी मेंदी लावून, धुऊन, त्यावर नुसती निळीच्या पानांची पूड लावली की गडद रंग येतो. पण घटक वाचून घ्या, आणि तुमचा अनुभव बघता आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. बाकी, सहा वर्षांच्या मुलीच्या हट्टापायी डोकं रंगवू नका. उद्या ती गुलाबी कर म्हणेल.

प्रतिसाद २
ताई, मी अशाच आईची मुलगी. तिच्या ४३ व्या वर्षी झाले. मला तिच्या केसांचं कधी काही वाटलं नाही, ती मान खाली घालायची त्याचं वाटायचं. एकदा एसटीत माझं अर्धं तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, "नातीचं का?" आई म्हणाली, "नात नव्हे, शेंडेफळ!" अख्खी गाडी हसली, आईसुद्धा. तिच्यासमोरच सांगा. एका वाक्यात सांगा, पुढचं काही सांगायला बांधील नाही तुम्ही.

धागाकर्ती
दोघींचे आभार. आमचं पहिलं फळ आणि शेंडेफळ एकच, त्यामुळे वाक्य थोडं बदलावं लागेल. लेकीला विचारलं, मावशींना कोण सांगणार? "तू सांग. मी शेजारी उभी राहते," म्हणाली. सोमवारी बघू.