मदत हवी आहे : बेळगावची बातमी नेमकी कुठं वाचायची?

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या शहापूरचा, साड्यांचं दुकान आहे. भांडण काढायला हा धागा नाही, आधीच सांगतो. बाजू म्हणाल तर 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, म्हणजे बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला, बाबांचं बोट धरून गेलेला माणूस मी. माझी बाजू पेपरानं मला सांगायला नको. घडलं काय आणि कुठं, एवढंच कळलं तरी पुरे, आणि तेच कळेना झालंय.

डिसेंबर 2022 चं बघा. हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. बसही बंद झाल्या. इथवर सगळं खरं. पण तो नाका शहराबाहेर, धारवाडच्या वाटेवर. टीव्हीवर दिवसभर तीच काच फुटत होती आणि खाली पट्टी, ‘बेळगाव पेटलं’. इचलकरंजीहून मेव्हण्याचा फोन, "दाजी, दुकान बंद करून घरात बसा." मी तेव्हा बेळगावातच गणपत गल्लीत मेथीच्या जुड्या बघत होतो! घरचा साखरपुडा त्या घोळात पुढं गेला. मग 14 तारखेला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोर बसवलं. नेत्यांच्या नावानं काढलेल्या खोट्या ट्विटर खात्यांनी तेल ओतलं, हे शहांनीच नंतर सांगितलं. त्या आठवड्यात आम्ही घरात कशावरून भांडलो देव जाणे.

फेब्रुवारी 2025 ला तीच गत. घरी येणारा मराठी पेपर कर्नाटकातल्या चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळं फासलं तिथून सुरू झाला. शेजारच्या दुकानातला कन्नड पेपर त्याआधी बेळगावजवळ कर्नाटकच्या बसच्या कंडक्टरला मारलं तिथून. मुलगी कन्नड शिकलेली, तिनं वाचून दाखवलं. आपले ‘कार्यकर्ते’ तिथं ‘पुंडरु’, आणि त्यांचे ‘होराटगाररु’ (म्हणजे आंदोलक) आपल्याकडं ‘गुंड’. माणसं तीच असतील की!

तर, रोज काय वाचावं? बाबांना पटेल असंही काहीतरी सांगा. वय 78, मोबाईल फक्त व्हॉट्सॲपपुरता.

खानापूरवाला : निःपक्ष पेपर शोधत बसाल तर म्हातारे व्हाल. दोन उलट्या बाजूंचे पेपर घ्या आणि दोघांत जे सारखं आहे तेवढंच धरून चाला. तारीख, ठिकाण, किती जणांना अटक, कुठल्या ठाण्यात गुन्हा. मथळा सोडा, तिसऱ्या परिच्छेदापासून वाचा. घरात कन्नड वाचणारी पोरगी आहे म्हणजे निम्मं काम झालं. कोल्हापूर-पुण्याच्या लोकांना ही सोय नाही.

जुना वार्ताहर : वरच्यांशी अर्धा सहमत. दोन्ही पेपर एकच गोष्ट गाळतात तेव्हा काय करणार? सीमाप्रश्नाचंच घ्या. त्यासाठी केंद्रानं नेमलेला महाजन आयोग 1966 चा, अहवाल 1967 चा. कर्नाटकवाले म्हणतात, ‘महाजननं बेळगाव कर्नाटकाला दिलं, विषय संपला.’ पण निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला द्या, हेही त्याच अहवालात आहे. महाराष्ट्रवाले अहवाल पक्षपाती म्हणून मोकळे होतात, पण आयोग नेमा म्हणून सेनापती बापटांनी उपोषण केलं होतं ते कुणी छापत नाही. म्हणून मी सांगीन, जिथं कागद आहे तिथं कागद बघा. महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, मूळ दावा क्रमांक 4, साल 2004. कोर्टाच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की मागचे आदेश दिसतात. ‘उद्या निकाल’ असा मेसेज आला की आधी तिथं बघायचं. एफआयआरसुद्धा पोलिसांच्या साइटवर असतात. संवेदनशील सोडून बाकीचे टाकायचे, असा सुप्रीम कोर्टाचा 2016 चा आदेशच आहे. आमच्या वेळी त्यासाठी हवालदाराला चहा पाजावा लागायचा.

निपाणीची सून : बस चालू आहे का हे बातमीत बघूच नका हो. स्टँडवर चौकशीला फोन करा, नाहीतर सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं कुणी ओळखीचं असेल त्याला विचारा. मी माहेरी असंच जाते. फोटो आला तर गूगल लेन्समध्ये टाका, जुना असेल तर बऱ्याचदा तिथंच उघडा पडतो. पीआयबी फॅक्ट चेकवर विसंबू नका. ते केंद्र सरकारबद्दलच्या बातम्या तपासतात, आपल्या गल्लीतली दगडफेक नाही. बाबांना रेडिओ लावून द्या. आकाशवाणीवाले सरकारच्या कलानं बोलतात हे मान्य, पण निदान ओरडत तरी नाहीत.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलीनं कोर्टाचं पान उघडून दिलं. बाबांनी चष्मा पुसून दाव्याचा नंबर दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतला, आणि आज सकाळी ‘निकाल जवळ आला’ म्हणणाऱ्या त्यांच्या मित्राला तोच नंबर पाठवला. मित्रानं अजून उत्तर दिलेलं नाही. रेडिओला मात्र ‘नको’ म्हणाले.

आता कन्नड पेपर कुठला लावू तेवढं सांगा. जाहिराती कमी असलेला बघा, मुलगी मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.