जपानला बोटीवरून उतरलात आणि उन्हात भाजून निघालात? या, लिहा

कैरीपन्हं
दुपारी लाईट गेली आणि वारा घ्यायला हाताला लागला तो नागासाकीचा प्लास्टिकचा पंखा. ट्रामच्या स्टॉपवर जाहिरातीचे फुकट वाटत होते, मी दोन घेतले (फुकट ते पौष्टिक). झालं, अख्खा दिवस आठवला.

ऑगस्ट होता. एसीत बसून खिडकीतून बघताना काय ते हिरवे डोंगर वाटलं, आणि शिडी उतरले तर चष्म्यावर वाफ! साबा (सासूबाई) म्हणाल्या, "अगं, हे तर रत्नागिरीच्या वरताण." तिथल्या बायका सगळ्या छत्र्या घेऊन, आम्हीच काय ते बोडक्या. ट्राममध्ये मागून चढायचं नि पुढून उतरताना ड्रायव्हरपाशी पेटीत पैसे टाकायचे. पेटी उरलेले पैसे परत देत नाही, सुटे करायची फट वेगळी, हे मला उतरताना कळलं. मागे रांग, मी पर्स उपसतेय, घाम नाकावरून टपटप. कोणी एक शब्द बोललं नाही हो, त्याचीच जास्त लाज वाटली.

पीस पार्कात कारंजं आहे. ९ ऑगस्ट १९४५ ला भाजलेली माणसं पाणी पाणी करत गेली म्हणून १९६९ साली बांधलेलं. मी तिथे पोचेपर्यंत पाणी गार नाही म्हणून कुरकुरत होते. नंतर नाही कुरकुरले.

तुमचंही लिहा, कुठलंही बंदर चालेल.

गोळा_कालाखट्टा
चिरिनचिरिन आइस नाही खाल्लं?? गाडीवरच्या आजी चपट्या उलथन्याने पाकळी पाकळी लावून कोनावर गुलाब करतात. आमच्या लेकीने चार अँगलने फोटो काढले तोवर गुलाब कोपरापर्यंत.

वसईकर
आम्ही नागासाकीला निशिझाका टेकडीसाठीच उतरलो. स्टेशनपासून चढ एवढासाच पण दुपारी बाराला तोच गिरनार. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तिथेच ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रूसावर गेले, २६ जणांतले एक. स्मारकाच्या भिंतीवर सव्वीसही जणांचे पुतळे ओळीने उभे. यातला आपला कुठला म्हणून आई डोक्यावर रुमाल टाकून दोन फेऱ्या मारून आली, सापडेना, मग सगळ्यांसमोर मिळूनच क्रूसाची खूण केली.

चिमणी७
वसईकर, माझं आजोळ पापडी! सुकेळी (सुकवलेली केळी) मिळतात का हो अजून?

वसईकर
मिळतात पण करणारे कमी झाले. पावसाच्या आत या.

शिट्टी_तिसरी
कुकर लावून लिहितेय. कागोशिमा. समोर साकुराजिमा ज्वालामुखी राख उडवतोय, घामावर ती बसली की काय होतं विचारू नका, त्यात माझा पांढरा कुर्ता. फेरीने पलीकडे गेलो तर शंभरेक मीटर लांबीचा फुटबाथ, फुकट, गरम झऱ्याचं पाणी. त्या उन्हात! मी म्हटलं तुमचं डोकं फिरलंय, तुम्हीच बसा. दहा मिनिटांनी मीही पाय सोडून. गेले, शिट्टी झाली

पणजीकार
गोव्याहून निघालेले सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये त्याच कागोशिमाला उतरले, १५ ऑगस्टला. म्हणजे भर उन्हातच, आणि तो झगा घालून.

धांदरट
तिथल्या पेयांच्या मशीनवर निळी पट्टी गार, लाल गरम. मी घाईत लाल दाबलं. जुलैत उकळती कॉफी, डबा धरवेना, टाकायला कचऱ्याचा डबाही दिसेना. केळ्याचं साल तर रात्रीपर्यंत पर्समध्ये.

गोळा_कालाखट्टा
जुलैत लाल पट्टी सापडली? नशीब लागतं बाई 😂

धक्क्यावरचा
तैवानहून ओकिनावातल्या नाहाला आलो होतो, जपान एक तास पुढे. बोटीवर घड्याळं बदला म्हणून सांगितलेलं, बाबा म्हणे माझं एचएमटी कधी चुकत नाही. बाजारात निवांत आंबट-गोड काहीतरी चाखत बसलो. मग टॅक्सी, धावपळ, बाबा घामाने निथळलेले, धक्क्यावर रांग संपलेली आणि एक पोरगा यादी घेऊन आमचीच वाट बघत उभा. आईने पुढचे तीन दिवस बाबांना वेळ विचारली.

नवीन_सभासद
डिसेंबरात जायचंय, व्हिसाचं कोणी सांगेल का?

चिमणी७
डिसेंबरात मग इथे काय करताय, स्वेटरचा धागा काढा 😄 आमची बोट मध्ये बुसानला जाऊन परत जपानला येणार होती म्हणून आम्ही मल्टिपल एंट्री घेतला. बोटवाल्यांना आधी विचारा.

कैरीपन्हं
लाईट आली. पंखा साबांनी घेतलाय, मागितला तर म्हणतात दोन आणलेले ना, दुसरा शोध.