घराचा करारनामा एआयने वाचला, आता वकील कशाला?

उंबरठा: सही करायच्या आधी ५८ पानांचा मसुदा एआयला वाचायला दिला. मी स्वतः दोनदा वाचलेला, पण मला जे दिसलं नाही ते त्याने पकडलं. कलम ९ मधे ताब्याची तारीख ठळक छापलीय आणि पार पुढे ३४ मधे बारीक अक्षरात "विक्रेत्यास योग्य वाटेल त्याप्रमाणे सदर मुदत वाढविता येईल". म्हणजे तारीख असून नसल्यासारखीच. शिवाय मी हप्ता चुकवला की दुसऱ्या दिवसापासून व्याज, आणि त्यांनी उशीर केला तर नुसती "वाजवी भरपाई", आकडाच नाही. हे फुकटात कळत असेल तर वकिलाची फी कशाला भरायची?

काळाकोट_जुना: आलं का हे पण! २०२३ ला न्यूयॉर्कमधे वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे खटले खरे समजून कोर्टात दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड बसला. आणि ते राहू दे, विकणारा खरा मालक आहे का, जागेवर कर्जाचा बोजा आहे का, भावाभावांत दावा चालू आहे का, हे तुमच्या ५८ पानांत कुठे लिहिलेलं असणार? त्यासाठी जुनी दफ्तरं उघडावी लागतात.

उंबरठा: बोजाचं मान्य. पण त्या केसमधे त्याला निकाल शोधायला सांगितले होते, मी समोरचा कागद वाच म्हटलं. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

आळशी_बोका: समोरचा कागद तरी नीट वाचतं का? माझ्या मेव्हण्याला एआयने सांगितलं पार्किंगचा उल्लेखच नाही. हा गेला बिल्डरकडे तावातावाने भांडायला. तिथल्या पोराने शांतपणे शेवटचं परिशिष्ट उघडून पार्किंगचा नंबर दाखवला. ते पान आडवं स्कॅन झालेलं, एआयला वाचताच आलं नव्हतं, पण तसं सांगेल तर शप्पथ.

तिसरी_घंटा: आणि माणसं वाचतात वाटतं? माझ्या वकिलाने दहा मिनिटं पानं चाळली आणि "स्टँडर्ड आहे, करा सही". स्टँडर्ड कुणासाठी ते नाही सांगितलं. बुकिंग रद्द केल्यावर किती रक्कम कापणार हे मला रद्द करताना कळलं. आता परत घ्यायची वेळ आली तर आधी एआयकडून प्रश्न काढणार, मग तीच यादी वकिलाच्या टेबलावर ठेवणार, बघू कसा चाळतो ते.

काळाकोट_जुना: तुमचा वकील कामचुकार निघाला म्हणून सगळी जमात तशी? बरं धागाकर्ते, त्या मसुद्यात खाते नंबर, पत्ता, ओळखपत्राचे नंबर सगळं असतं, ते पण दिलंत का चढवून?

उंबरठा: नावं, नंबर खोडले होते. थांबा बघतो.

उंबरठा: पान ५१ वर राहिलाय खाते नंबर 🤦

आळशी_बोका: 😂😂 आणि ३४ चं काय झालं?

उंबरठा: विक्रेत्याला विचारलं. म्हणे सगळ्यांनी ह्याच मसुद्यावर सह्या केल्यात, तुमच्या एकट्यासाठी बदलणार नाही. एआयने एकदम सभ्य भाषेत ईमेल लिहून दिला, चार दिवस झाले, उत्तर नाही.

काळाकोट_जुना: आता लावा फोन वकिलाला.

तिसरी_घंटा: तो पण सांगेल की बदलत नाहीत. निदान तुम्ही ३४ वाचून सही कराल, मी न वाचता केलेली.